सुगंधाक्काचा शॉट

"उन्हं हाईत तवर जेवून घ्यायचं, ताई. दिवा लागल्यावर आमच्यात चूल पेटत न्हाई आन् ताट बी पडत न्हाई."

सुगंधाक्का सोप्याच्या पायरीवर भाताचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. मी कॅमेऱ्याची पेटी खांद्याला लावून नदीकडे निघाले होते आणि माझ्या मागे लाइटवाला इसाकभाई रिफ्लेक्टर डोक्यावर घेऊन धावत होता.

"अक्का, उन्हं आहेत तोवरच मला काम असतं. आता जो उजेड येईल ना, त्याच्यासाठी आम्ही दिवसभर थांबतो."

"आन् पोटाचं काय?"

"उजेड गेला की जेवू."

"मग गारढोण जेवा. वाढायला मी न्हाई."

शिरोळ तालुक्यात, अगदी कृष्णेच्या काठावर बाळगोंडा पाटलांचं घर होतं. जैनांचं घर, सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची रीत. सिनेमाचं आमचं अख्खं युनिट त्यांच्या सोप्यात आणि गोठ्याच्या माडीवर पथारी टाकून राहत होतं. सुगंधाक्का पाटलांची धाकटी बहीण. दहा-बारा वर्षांपासून माहेरीच होत्या आणि आमच्या सगळ्यांचा स्वयंपाक त्यांनी अंगावर घेतला होता.

त्या काळी कॅमेऱ्यामागे बाई म्हणजे लोकांना नवलच वाटायचं. दुसऱ्यांच्या हाताखाली लेन्स पुसत माझी सगळी उमेदीची वर्षं गेली होती आणि स्वतंत्रपणे करत असलेला हा माझा पहिला मोठा सिनेमा होता. मोठा म्हणजे लांबीने. बाकी सगळं तुटपुंजं. मला काय म्हणावं हे लाइटवाल्यांना कळायचं नाही. कॅमेरामनला 'दादा' म्हणायची सवय. इसाकभाई शेवटपर्यंत मला दादाच म्हणाला.

दिग्दर्शक अच्युतराव वाळिंबे. माणूस गुणी, पण पायाला भिंगरी. शॉट चालू असतानाच पुढच्या शॉटकडे निघालेला. त्यांच्या सिनेमाची नायिका नदीपलीकडे गेलेल्या नवऱ्याची वाट बघत घाटावर बसते, आणि ती सगळी दृश्यं मला संध्याकाळच्या उन्हात हवी होती. त्यामुळे रोज भांडण. रोज थंड भात. नायिकेला पित्त झालं. मॅनेजर म्हणाला, "नलूताई, तुमच्या सोन्यासारख्या उन्हापायी युनिट उपाशी मरतंय."

आणि मग एका संध्याकाळी, ट्रॉलीचे रूळ मांडत असताना, घाटाच्या पायऱ्या उतरून सुगंधाक्का आल्या. डोक्यावर भाकरीची बुट्टी, मागून दोन गडी आमटीची घागर घेऊन.

"उन्हं तुमची, जेवण माझं," त्या म्हणाल्या. "पाळीपाळीनं या. ए कोटवाले, तुमी पयल्यांदा."

कोटवाले म्हणजे अच्युतराव. त्यांनी एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात व्ह्यूफाइंडर धरून शॉट घेतला. मी कॅमेऱ्याला डोळा लावलेला, तर अक्कांनी माझ्या तोंडात घास घातला. "तुमचा डोळा कामाचा हाय, तोंड मोकळंच की," असं म्हणून. त्या दिवसापासून रोज असंच चाललं. उजेडही मिळाला आणि जेवणही.

चारेक दिवसांनी भांडी आवरताना त्या माझ्याजवळ बसल्या.

"ताई, मी तुमची उन्हं तुमाला दिली का न्हाई?"

"दिली."

"मग मला एक पायजे. त्यात मला एकदा घ्या." त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट केलं. "पडद्यावर. एकटीला."

"हौस आली होय अक्का?"

"हौस न्हवं." त्यांनी पदर सारखा केला. "आमचं घरधनी सोलापुरात थेटरात मशीन चालवत्यात. येणारा मराठी शिनेमा त्यांच्याच हातानं फिरतो. दुसरं कुठं त्यांनी मला बघितलं न्हाई तरी तितं बघावंच लागंल. डोळं मिटून कुणी मशीन चालवत न्हाई."

भूपाल मगदुमांची गोष्ट मला पाटलांकडून कळलेलीच होती. लग्नानंतर वर्षभरात ते निघून गेले. तंटा नाही, मारहाण नाही. फक्त गेले. पाटील दर दिवाळीला सोलापूरला जायचे, थिएटरच्या जिन्यात मेव्हण्याला गाठायचे आणि म्हणायचे, "सुगंधा वाट बघतीया. या." तो म्हणायचा, "बघू." पाटील परत येऊन सांगायचे, "औंदा येणार." गावातही हेच बोललं जायचं. सुगंधा वाट बघतीया. बाई कशी आहे असं कुणी विचारलं तरी उत्तर तेच.

मी अच्युतरावांना सांगितलं. ते हसले.

"जरूर घे. कोरा घे."

छोट्या सिनेमांतली ही रीतच होती. जागा देणाऱ्याला, बैल देणाऱ्याला, सरपंचाला, सगळ्यांनाच पडद्यावर यायचं असे. मग कॅमेऱ्यात फिल्म न भरताच तो फिरवायचा. घरघर तीच, 'अ‍ॅक्शन' तेच, टाळ्या त्याच. माणूस खूश. नंतर विचारलं तर 'एडिटिंगमध्ये उडालं' म्हणायचं. आम्हा सगळ्यांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात कुणाला फसवतोय असं कुणाच्या मनातही येत नसे.

"अच्युतराव, त्यांनी रोज आपल्याला जेवायला घातलंय."

"म्हणूनच तर चांगला लांबलचक घे. फिल्म मोजून उरलीय नलू, शेवटचा सीन बाकी आहे. वेडेपणा करू नकोस."

माझ्याजवळ एक तुकडा होता. रोलच्या शेवटी उरलेली फिल्म फेकून न देता डब्यात जपून ठेवायची, ही मला, ज्यांच्या हाताखाली शिकले त्या उस्तादांनी लावलेली सवय. मिनिटभर चालेल एवढा तो तुकडा असेल. काळ्या पिशवीत हात घालून मी तो भरला तेव्हा इसाकभाईने बघितलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

मला वाटलं, वाट बघणारी बाई आहे. नवऱ्याने एकदा बघावं तिला. एवढंच.

सुगंधाक्का जरीकाठाचं हिरवं लुगडं नेसून आल्या. अच्युतरावांनी घाईघाईत त्यांना पायरीवर उभं केलं. "बाई, नदीकडे बघायचं. मग इकडे बघून म्हणायचं, 'तिन्हीसांजा झाल्या, अजून होडी दिसत न्हाई.' जमेल?"

"जमंल की."

"चला, अ‍ॅक्शन!" आणि ते स्वतः पुढच्या शॉटची जागा बघायला घाट चढून गेलेसुद्धा.

कॅमेरा सुरू झाला. आमचा कॅमेरा शिवणयंत्रासारखा खडखडायचा; मागे उभ्या असलेल्यांना त्यापुढे काही ऐकू यायचं नाही, पण अक्का माझ्यापासून दोन हातांवरच उभ्या होत्या. अक्कांनी नदीकडे बघितलं. खूप वेळ. उन्हाची तिरीप गालावर होती आणि वाऱ्याने पदर उडत होता, तो त्यांनी धरला नाही. मग त्या वळल्या. सरळ लेन्समध्ये. माझ्या डोळ्यातच बघतायत असं मला वाटलं. आणि त्या म्हणाल्या,

"भूपाल मगदूम, मी सुगंधा बोलतीया. तुमची वाट बघायची मी कवाच सोडलीया. आता येऊ नका."

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या ते उखाण्यात, लाजून, दहा जणींनी आग्रह केल्यावर. ही बाई आडनावासकट घेत होती. पोलीस पंचनाम्यात घेतात तसं.

तुकडा संपला. फिल्मचं टोक आत फटफट वाजलं. मी कॅमेरा थांबवला.

"आलं न्हवं समदं?" त्यांनी विचारलं.

"आलं," मी म्हणाले.

पण सगळं कुठलं येणार? आमच्या सिनेमात जागेवर आवाज घेतच नसत. तसला कॅमेरा, तसली यंत्रं परवडायची नाहीत. आधी चित्र, मग महिन्या-दोन महिन्यांनी बंद खोलीत डबिंग. अक्कांचे ओठ आले होते. बोलणं माझ्या एकटीच्या कानात राहिलं होतं. त्या हातपाय धुऊन आनंदाने घाट चढून गेल्या आणि मला त्यांना हाक मारता आली नाही. शूटिंग संपलं, आम्ही गाव सोडलं. म्हटलं, तुकडा आहे, सिनेमात येणारच नाही. तर कशाला सांगायचं?

दोनेक महिन्यांनी मी कराडकडे शेळीपालनावरचा एक सरकारी माहितीपट करत होते. शेळ्या काही केल्या एका जागी उभ्या राहायच्या नाहीत आणि माझंही तसंच झालं होतं. रात्री झोप लागायची नाही, दिवसा फोकस चुकायचा. इसाकभाई कोल्हापूरहून दिवे पोचवायला आला आणि सहज म्हणाला,

"दादा, तुमच्या त्या अक्काचा शॉट धुऊन आलेल्या रशेसमध्ये बघून वाळिंबेसाहेब येडं झाल्यात. शिनेमाचा शेवटच त्यावर ठेवलाय. उद्याच्याला तिचं डबिंग."

"तिचं? तिला बोलावलंय?"

"तिला कशाला? डबिंगवाल्या कमलताई बोलणार हाईत."

"काय बोलणार?"

"काय ते, 'या हो, किती वाट बघू.'"

सोलापूरच्या थिएटरात, दिवसातून तीन-चार खेळांना, भूपाल मगदुमांच्या स्वतःच्या हाताने चाललेल्या मशीनमधून सुगंधाक्का त्यांना हेच सांगणार होत्या. पाटील इतकी वर्षं जिन्यात उभं राहून सांगत होते तेच. आणि या वेळी चेहरा तिचाच असणार होता.

"इसाकभाई, टेम्पो कुठंय?"

"दादा, शेळ्या?"

"शेळ्या उभ्या राहतायत कुठं? त्या काय, मी काय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटलांच्या दारात होते. पाटील मळ्यात गेलेले. मी अक्कांना म्हटलं, "माझ्याबरोबर कोल्हापूरला चला. तुमचं बोलणं राहिलंय." त्यांनी काही विचारलं नाही. गड्याला म्हणाल्या, "दादाला सांग, डोळं दावायला कोल्हापूरला गेलीया," आणि पिशवीत दोन भाकऱ्या टाकून निघाल्या.

एसटीत मी त्यांना सगळं सांगितलं. कॅमेऱ्याला कान नसतात. त्यांनी म्हटलेलं कुठेच नाही. दुसरी बाई त्यांच्या तोंडात दुसरं घालणार आहे.

हातकणंगले येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे त्या दिशी मी नदीला बोलले."

"मी ऐकलं अक्का."

"तुमी काय सोलापूरला मशीन चालवता व्हय?"

डबिंगची खोली म्हणजे भिंतींना गोणपाट ठोकलेलं एक गोदाम होतं. समोर लहानसा पडदा, मध्ये माइक. जो शॉट डब करायचा त्याची दोन्ही टोकं जोडून गोल माळ करत, म्हणजे तो संपला की पुन्हा सुरू होई. बोलणाऱ्याला ओठ पाठ व्हावेत म्हणून. आम्ही दार ढकललं तेव्हा पडद्यावर सुगंधाक्काच होत्या. नदीकडे बघत होत्या, वळत होत्या, काहीतरी बोलत होत्या, पुन्हा नदीकडे. आणि माइकपुढे कमलताई, चष्मा नाकावर, गळा भरून म्हणत होत्या, "या हो! किती वाट बघू!"

"थांबवा," मी म्हणाले.

अच्युतराव वळले. "नलू! तू इथं? अगं काय शॉट दिलायस! कोरा सांगितला होता तरी दिलास, त्याबद्दल तुला माफ." मग त्यांना अक्का दिसल्या. "अरे! या या बाई, बघा, कशा दिसताय."

"त्या असं बोलल्या नव्हत्या," मी म्हणाले.

"होडी दिसत नाही म्हणाल्या होत्या. माहितीय. पण शेवटाला ते पडेल होतं."

"तेही नव्हत्या बोलल्या." आणि काय बोलल्या होत्या ते मी सांगितलं. कमलताईंनी चष्मा काढला.

अच्युतरावांनी पडद्याकडे एकदा बघितलं. वाईट माणूस नव्हता तो. "नलू, मला समजतंय. पण ही गोष्ट माझ्या नायिकेची आहे. ती वाट बघते. शेवटी गावातली अशीच एक बाई वाट बघताना दिसते आणि सिनेमा संपतो. तिनं 'येऊ नका' म्हटलं तर माझा अख्खा सिनेमा उलटा होतो."

"मग शॉट काढा."

"तो शॉट सिनेमाचा जीव आहे."

"जीव तिचा आहे अच्युतराव."

"हे बघ," त्यांचा आवाज चढला, "पुढचा सिनेमा मी तुलाच देणार होतो. रंगीत आहे. कॅमेऱ्यामागचं काम कॅमेऱ्यामागं राहू दे. डबिंगच्या खोलीत कॅमेरामनला कोण विचारतं?"

"नका देऊ. पण माझ्या कॅमेऱ्यासमोर उभं राहून तिनं सांगितलंय ते असं बदलू देणार नाही मी. तिच्या नवऱ्यानं हे बघितलं तर तो खरंच यायचा!"

कमलताई हळूच म्हणाल्या, "अच्युतराव, मी नाही बोलणार बाई हे आता. तिलाच बोलू दे. तिच्या आवाजात काय येईल ते ठेवा, नाहीतर नका ठेवू."

अच्युतरावांनी हात वर केले. "बरं. होऊन जाऊ दे. बाई, या माइकपुढे. पडद्यावर ओठ हलले की बोलायचं."

अक्का माइकपुढे गेल्या. खोलीतला दिवा गेला, लाल दिवा लागला. माळ सुरू झाली.

पडद्यावरच्या सुगंधाक्का नदीकडे बघत होत्या. वळल्या. ओठ हलले. इथल्या अक्का गप्प.

"कळलं नाही वाटतं. पुन्हा."

पुन्हा नदी, पुन्हा वळणं, पुन्हा ते ओठ. अक्कांनी मान किंचित वाकडी केली, आपण ओळखीच्या माणसाचं बोलणं ऐकताना करतो तशी. तिसऱ्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. पडद्याचा उजेड त्यांच्यावर पडत होता, मला स्पष्ट दिसलं.

"बोला की बाई!" अच्युतराव कळवळून म्हणाले.

"तिनं सांगितलंय की," अक्का म्हणाल्या. "परत कशापायी?"

"पण ऐकू कुठे येतंय?"

"मला आलं."

माळ फिरत राहिली. अक्का माइकपासून बाजूला झाल्या आणि माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "ताई, मी उगंच सोलापूरच्या माणसाला सांगाय निगाले. त्यो कवा इचारायला आलाय? इचारणारा घरात हाय. त्यालाच सांगते. एसटी किती वाजता?"

"मी येते बरोबर."

"तुमी कशाला? माझा दादा हाय, वाघ न्हाई."

त्या निघाल्या. भाकऱ्यांची पिशवी तिथेच बाकावर राहिली होती, ती घेऊन मी स्टँडपर्यंत धावले, पण गाडी सुटली होती.

परत आले तेव्हा अच्युतराव अंधारात एकटेच माळ बघत बसले होते. मग ध्वनिमुद्रकाला म्हणाले, "हिला आवाज देऊ नका. वारा ठेवा. फक्त वारा." माझ्याकडे वळून बघितलं नाही त्यांनी. रंगीत सिनेमा दुसऱ्या कुणालातरी गेला. मला शेळ्यांच्या माहितीपटावरूनही काढून टाकलं, पण तसलं पुढे बरंच झालं आयुष्यात. कामं येत गेली, जात गेली.

सिनेमा फार चालला नाही. सोलापूरला लागला होता म्हणतात, आठवडाभर. तिथे मशीनवर कोण होतं, त्याने काय बघितलं, मला माहीत नाही. जयसिंगपूरला पहिल्या खेळाला मी गेले होते. शेवटच्या शॉटला थिएटरात कुजबुज झाली, आवाज गेला म्हणून कुणीतरी शिट्टी मारली. मग सगळे गप्प झाले आणि दिवे लागले.

बाहेर सायकलींच्या स्टँडपाशी बाळगोंडा पाटील उभे होते. एकटे. पांढरा फेटा, हातात काठी. मला बघून पुढे आले.

"तुमी काय शिकिवलं आमच्या सुगंधाला?"

"काहीच नाही पाटील."

"कोल्हापुरातनं आली ती उंबऱ्यातच उभी. आत ये म्हटलं तर येईना. म्हणाली, दादा, औंदाच्या दिवाळीला तुमी सोलापूरला जायाचं न्हाई. गेलात तर मी ह्या घरात ऱ्हाणार न्हाई. मी वाट बघत न्हाई, कवापासनंच न्हाई."

"मग?"

"मग काय? न्हाई गेलो." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. थिएटरच्या दाराकडे बघितलं, जिथून लोक अजून बाहेर पडत होते. "मला वाटलं, रडंल. तर पदर खोचून भाकरी थापाय बसली. गाणं म्हणत हुती."

ते जायला निघाले, दोन पावलं गेले आणि थांबले. पन्नाशीला आलेला तो भला माणूस माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी कॅमेऱ्यातून काहीतरी बघितलंय जे त्याला दिसलं नाही.

"ताई, एक सांगा. ती वाट बघत न्हवती, तर इतकी वर्सं त्या जिन्यात मी कुणासाठी हुबा ऱ्हात हुतो?"